कणीक किती मळायची?

संध्याकाळी साडेसातनंतर बदलापूर स्टेशनाच्या पुलावरून उतरणारी गर्दी नीट पाहिली, तर तिला एक फाटा फुटताना दिसतो. काही पावलं सरळ रिक्षाच्या रांगेकडे जातात, काही मधेच थबकतात. ती थबकतात पोळीभाजी केंद्रापाशी. ‘सहा पोळ्या, पाव किलो भेंडी... आमटी आहे का हो?’ सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर बहुधा उभ्यानंच आलेल्या बाईला घरी जाऊन कणीक मळायचं त्राण नसतं. ती तिच्यासाठी कुणीतरी दुपारी चार वाजताच मळून ठेवलेली असते.

किती मळलेली असते? आजचा लेख या एवढ्याच प्रश्नाचा आहे.

असं एखादं केंद्र डोळ्यांसमोर आणा. मालकीणबाईंना निर्णय घ्यावा लागतो चारला आणि गिऱ्हाईक येतं साडेसातला. कणीक जास्त झाली तर रात्री दहाला पोळ्यांची चळत उरते. कमी झाली तर साडेआठलाच ‘संपल्या हो ताई’ म्हणावं लागतं, आणि ती ताई उद्यापासून पलीकडच्या केंद्रात जाऊ लागते. या दोन नुकसानांत मोठा फरक आहे. उरलेल्या पोळ्या डोळ्यांना दिसतात, सकाळी फोडणीला टाकताना पुन्हा बोचतात. परत गेलेलं गिऱ्हाईक मात्र गल्ल्यात दिसत नाही, वहीत दिसत नाही, कुठेच दिसत नाही. म्हणून फक्त उरलेल्या पोळ्या मोजणारी बाई हळूहळू कणीक कमी करत जाते. एकही पोळी उरली नाही, म्हणजे आज अंदाज बरोबर आला, असं तिला वाटतं. कदाचित त्याच दिवशी तिचा सगळ्यात जास्त धंदा बुडालेला असतो.

आता तिच्या निर्णयात काय काय येतं ते मोजू. आज संकष्टी आहे का? श्रावणी सोमवार? महिन्याची पाच तारीख आहे की पंचवीस? पाऊस आहे का? आणि मुख्य म्हणजे गाड्या वेळेवर आहेत का? गाड्या रखडल्या की गिऱ्हाईक कमी होतं असं नाही. दीड तासात विखरून येणारी माणसं एकाच वेळी येऊन उभी राहतात. त्या दिवशी कणीक पुरेशी असूनही लाटणारे हात आणि तवे कमी पडतात. म्हणजे गव्हाचं दळण, गॅस, लाटणाऱ्या बायका, तवा, गल्ल्यावरची मुलगी, पंचांग आणि मध्य रेल्वे हे सगळं मिळून तो धंदा आहे. दुकानाची भिंत दहा फुटांवर संपते. धंदा कल्याणच्या सिग्नलपर्यंत पसरलेला असतो.

धंदा म्हणजे यंत्रं, माल आणि माणसं यांची बेरीज, असं आपण समजतो. खरं तर ती एकमेकांत अडकलेल्या कामांची साखळी असते. एका कडीत झालेला बदल तिसऱ्या कडीत, आणि तोही उशिरानं, दिसतो. अशा साखळीत माहितीचं काम एकच: जे एका टोकाला ठाऊक आहे ते निर्णय घेणाऱ्या टोकाला निर्णयाच्या आधी पोचवणं. आमटी संपल्याची बातमी रात्री दहाला कळली तर ती नुसती हळहळ असते. उद्या चारच्या आत कागदावर आली तरच ती माहिती होते.

ही साखळी मोठ्या प्रमाणावर पाहायची असेल तर दोन स्टेशनं मागे जावं. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांना जिथे ठेवलं त्या लष्करी छावणीचं १९४९ मध्ये उल्हासनगर झालं आणि पुढे तिथे जीन्सचा मोठा धंदा उभा राहिला. या धंद्यात सगळी कामं एकाच छपराखाली होत नाहीत. कटिंग एकीकडे, शिलाई दुसऱ्या गाळ्यात, काजं-बटणं तिसरीकडे, मग धुलाई, शेवटी फिनिशिंग आणि पॅकिंग. प्रत्येक गाळेवाला आपल्यापुरता मालक, आपल्यापुरता हिशेबी. शिलाईवाल्याला पीसमागे काय सुटतं ते तोंडपाठ, धुलाईवाल्याला रसायनाचा भाव तोंडपाठ. पण न धुतलेली जीन्स बाजारात सहसा कुणी घेत नाही. कडक कापड मऊ करायचं, रंग उतरवायचा, ते काम धुलाईचं. सगळी साखळी त्या एका कडीतून जाते, आणि त्या कडीतून निघालेलं निळं पाणी वालधुनीत जात होतं.

वालधुनी म्हणजे अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराला लागून वाहणारी नदी. साखळीतल्या एकाही गाळ्याच्या वहीत तिचं खातं नव्हतं. तिचं पाणी फुकट होतं, ते घाण करणंही फुकट होतं. नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला, धुलाईचे कारखाने बंद करायची वेळ आली, तेव्हा ज्याचा नदीशी काडीचा संबंध नाही अशा शिलाईच्या मशिनींनाही त्याची झळ बसली. ‘आमचा काय दोष?’ हा कारागिराचा प्रश्न अगदी खरा होता. पण त्याचं पोट नदीशी बांधलेलं होतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ज्यांना दिसत होतं त्यांना ते कुठे मांडावं लागत नव्हतं. जे खातं वहीत उघडलंच नाही, त्याची बाकी एक दिवस एकदम वसूल होते. पर्यावरणाचा प्रश्न म्हणून आपण हा विषय वेगळ्या पानावर छापतो. माझ्या मते तो हिशेबाच्या अपुरेपणाचाही प्रश्न आहे.

आता कुणी म्हणेल, आपल्याकडे माहिती कमी आहे म्हणून असं होतं. तसं मुळीच नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तेव्हापासून अंबरनाथच्या एमआयडीसीतला छोटा कारखानदारसुद्धा माहितीत बुडालेला आहे. प्रत्येक बिलाला नंबर, प्रत्येक मालाला एचएसएन कोड, मालासोबत ई-वे बिल. महिन्याच्या ११ तारखेला एक विवरणपत्र, २० तारखेला दुसरं. एवढी नीटस नोंद आपल्या आजोबांनी रोजमेळात आणि खतावणीत कधी ठेवली नसेल. पण ती ठेवली जाते कुणासाठी? सरकारसाठी, बँकेसाठी, सीएसाठी. एकोणीस तारखेला ‘टॅलीत एंट्री झाली का’ म्हणून धावपळ होते, वीसला विवरणपत्र जातं आणि एकविसाव्या दिवशी नवीन मशिन घ्यायचं की नाही ते मालक चहाच्या टपरीवर ठरवतो. हिशेब सरकारसाठी आणि निर्णय अंदाजानं, अशी आपल्याकडची वाटणी आहे.

त्या मशिनचंच घ्या. समजा, एका वर्कशॉपमध्ये ऑर्डर पुरी व्हायला ३० दिवस लागतात. गिऱ्हाईक ओरडतं, म्हणून मालक कर्ज काढून आणखी एक सीएनसी घ्यायला निघतो. पण जॉबकार्डावर प्रत्येक टप्प्याची ‘आला’ आणि ‘गेला’ तारीख लिहिली, तर कदाचित असं दिसेल की माल यंत्रावर जेमतेम ४ दिवस असतो आणि बाहेर प्लेटिंगला दिलेला माल १५ दिवस नुसता पडून असतो. मग नवी सीएनसी काय करील? प्लेटिंगच्या दारातला ढीग आणखी उंच करील, आणि हप्ता वेगळा. एलियाहू गोल्डरॅट या इस्रायली पदार्थवैज्ञानिकानं १९८४ मध्ये ‘द गोल’ नावाची कादंबरी हाच मुद्दा सांगायला लिहिली: साखळीचा वेग तिच्या सर्वांत अरुंद जागेवर ठरतो, बाकीच्या जागी केलेली घाई फुकट जाते. आपल्याला हे समजायला कादंबरीही नको. पूल कितीही रुंद केला आणि शेवटचा जिना तेवढाच ठेवला, तर गर्दी कुठे तुंबते ते बदलापूरकर रोज अंगानं शिकतो.

उधारीचंही तसंच. किती रुपये येणं आहे ते प्रत्येक कारखानदार झोपेतही सांगेल. कुठलं येणं किती दिवसांचं झालं, हे विचारा, म्हणजे वही शोधावी लागते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यायचे, असं २००६ चा कायदा सांगतो. अलीकडे प्राप्तिकराच्या कायद्यातही अशी तरतूद आली आहे की ही मुदत चुकवणाऱ्या खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत त्या खर्चाची वजावट मिळत नाही. कायदा तुमच्या बाजूनं उभा आहे; पण तो दिवसांवर बोलतो आणि तुमची वही फक्त रुपयांवर. बिलाची तारीख तर तुमच्याकडे आहेच. प्रश्न एवढाच आहे, की ती कधी बघायची हे कुणी ठरवलंय का?

आपल्याकडे ‘फडणीस’ हा शब्द फारसीतल्या फर्दनवीस या शब्दावरून आला. फर्द म्हणजे यादी, ती लिहिणारा तो फडणीस. म्हणजे मुळात कारकुनीचं पद. पण त्या पदावरच्या नाना फडणवीसांनी अर्ध्या हिंदुस्थानचं राजकारण हलवलं. त्यांच्याकडे नोंदी पुष्कळ होत्या म्हणून नव्हे. दरबारादरबारांत वकील ठेवलेले होते, त्यांची बातमीपत्रं पुण्याला येत, आणि यादी लिहिणारा आणि ठरवणारा ही दोन डोकी नव्हती. आपल्या कारखान्यांत फडणीस भरपूर आहेत. टॅलीवर बसलेला मुलगा, बाहेरचा सीए. फक्त ते ठरवण्याच्या खोलीबाहेर बसवलेले आहेत.

यावर आपल्या बाजारपेठेतलं ठरलेलं उत्तर असं: ‘धंदा कागदावर होत नाही हो, नाकानं करायचा असतो.’ या नाकाचा मला आदर आहे. वीस वर्षं गल्ल्यावर बसलेल्या माणसाचं नाक म्हणजे वीस वर्षांची खतावणीच असते, फक्त ती शाईत लिहिलेली नसते. पण नाकाला दोन खोडी आहेत. एक, ते मुलाला वारशात देता येत नाही. दुसरी, ते चुकलं तर कुठे चुकलं हे तपासता येत नाही. बरोबर आलेले अंदाज आठवतात, फसलेले विसरले जातात. उल्हास नदीकाठच्या हेंद्रेपाड्याकडे २६ जुलै २००५ चं पाणी कुठवर चढलं होतं, याच्या प्रत्येकाच्या आठवणी वेगळ्या असू शकतात. पण कुणी भिंतीवर त्या दिवशी पाण्याची रेघ मारून ठेवली असेल, तर वाद मिटला. माल कुठल्या फळीवर ठेवायचा, ते ती रेघ दर पावसाळ्यात सांगते. एका खिळ्यानं मारलेली ही रेघ म्हणजे सगळ्यात स्वस्त आणि टिकाऊ माहिती-व्यवस्था.

म्हणून कुणी लगेच महागडं सॉफ्टवेअर घ्यायला धावू नये. व्यवस्थापनशास्त्रज्ञ रसेल अ‍ॅकॉफ यांनी १९६७ मध्येच एका गाजलेल्या निबंधात लिहून ठेवलं होतं, की व्यवस्थापकांचा खरा त्रास कामाची माहिती कमी असणं हा नसून बिनकामाच्या माहितीचा पूर हा आहे. निर्णय कसा घेतो हेच ज्याला सांगता येत नाही, तो खबरदारी म्हणून सगळीच माहिती मागतो, असंही त्यांचं निरीक्षण. तेव्हा संगणक खोलीएवढे होते. आज पोळीभाजी केंद्राच्या गल्ल्यावर साउंडबॉक्स आहे. ‘एकशे चाळीस रुपये मिळाले’ असं तो दिवसभर ओरडून सांगतो. पैसे आल्याचं त्याला कळतं; पोळ्या गेल्या की भाजी, हे त्याला माहीत नाही, आणि रिकाम्या हातानं कोण परत गेलं, हे तर मुळीच नाही. बाकीचं माणसालाच टिपावं लागतं.

आणि इथेच खरी अडचण आहे. परत गेलेल्या गिऱ्हाइकाची माहिती कुणाकडे असते? गल्ल्यावरच्या मुलीकडे. ‘संपल्या’ हा शब्द संध्याकाळभर तीच उच्चारत असते. मालकीणबाई आत तव्याशी. मुलीनं आत जाऊन सांगितलं आणि ‘मग काय मी चार हातांनी लाटू?’ असं उत्तर मिळालं, तर दुसऱ्या दिवशी ती सांगणार नाही. कारखान्यात तेच काम सुपरवायझरचं, गोदामात ड्रायव्हरचं. वाईट बातमी आणणाऱ्याला जिथे बोलणी बसतात, तिथे वर फक्त चांगल्या बातम्या जातात आणि निर्णय त्यांच्यावर होतात. कुठल्याही सॉफ्टवेअरच्या आधी दुरुस्त करायची गोष्ट ही आहे, आणि तिला पैसे लागत नाहीत.

तेव्हा माझी सूचना अगदी साधी. गल्ल्याशेजारी एक पुठ्ठा टांगा, त्याला दोरीनं पेन्सिल बांधा. ‘संपल्या’ म्हणावं लागलं की मुलीनं एक रेघ मारायची. शेजारी वार, तिथी, पाऊस होता की नव्हता, गाड्या कशा होत्या, एवढंच. रात्री उरलेल्या पोळ्यांचा आकडा खाली. रेघा जास्त झाल्या तर तिला रागवायचं नाही. कारखानदारांनी हाच पुठ्ठा जॉबकार्डावर उतरवावा.

महिन्याभरानं चार वाजता परातीत पीठ ओतायच्या आधी मालकीणबाईंनी त्या पुठ्ठ्याकडे एकदा बघावं. पीठ कदाचित तेवढंच पडेल. कदाचित एक वाटी जास्त पडेल, किंवा गाड्या रखडल्याचं कळताच लाटायला आणखी एका बाईला निरोप जाईल. ती वाटी कुणाच्या सांगण्यावरून वाढली, हे गल्ल्यावरच्या मुलीला बरोबर कळेल.