बंदिस्त गटार पुढे जाते कुठे?

ग्रामसभेत पाण्याचा विषय निघाला की आमच्या पारनेर तालुक्यात दोन मागण्या ठरलेल्या: नळाला पाणी वाढवा आणि आमच्या गल्लीत बंदिस्त गटार करा. ते गटार पुढे जाते कुठे, हे कोणी विचारत नाही.

आमचे गाव पठारावरचे. गटार संपते तिथे मी मुद्दाम जाऊन आलो. सिमेंटचा पाइप ओढ्यात उघडतो. साबणाचा फेस, भाताची शिते, काळा गाळ आणि भोवती बेशरमाचे रान. तिथून दोनेकशे पावलांवर बंधारा, त्याच्या खालच्या अंगाला विहीर. बंधारा पाणी मुरावे म्हणूनच बांधला आहे. त्यात जे अडते तेच मुरते आणि तेच विहिरीला उतरते. राळेगणसिद्धीने, शेजारच्या नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने पाणी अडवायला आणि जिरवायला शिकवले, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण ओढ्यात घाण सोडून खाली ती जिरवायची, हे त्या शिकवणीत कुठेच बसत नाही.

हिशेब करून पाहा. जलजीवन मिशनचे प्रमाण माणशी रोज 55 लिटर. दोन हजार वस्तीला 1 लाख 10 हजार लिटर झाले. त्यातले साधारण 70 टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळपास आठ टँकर, रोज. उन्हाळ्यात एका टँकरसाठी हंडे रांगेला लावणाऱ्या तालुक्यात!

यावर उपाय आहे आणि तो महाग नाही. घराशेजारी जागा आहे तिथे शोषखड्डा. नांदेड जिल्ह्यातल्या गावांनी 'मॅजिक पिट' म्हणून तो घरोघरी केला: चार फुटी खड्डा, मधे भोके पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड. खड्ड्याआधी खरकटे आणि गाळ अडवणारा नानी ट्रॅप मात्र हवाच. माझा पहिला खड्डा त्याच्यावाचून दीड वर्षात तुंबला. खरकटे, केस आणि साबणाचा साका बसून दगडांच्या फटी बुजल्या होत्या. दुसऱ्याला ट्रॅप बसवला, आठवड्याला तो साफ करतो, काही अडचण नाही.

सगळीकडे खड्डा चालणार नाही, हेही मान्य. पठारावर कुठे मुरूम लागतो, कुठे हातभर खाली काळा पाषाण. पाषाण पाणी पीत नाही, आणि त्याला भेग असली तर न गाळलेले पाणी थेट विहीर गाठते. गावठाणात तर घराला घर लागलेले. तिथे गटार करा, पण त्याच्या तोंडाशी आधी गाळ बसवणारी टाकी आणि पुढे खडीचा वाफा करून त्यात कर्दळ, पाणकणीस लावा. नागपूरच्या 'नीरी'चे फायटोरिड तंत्र याच तत्त्वावर चालते. आल्प्समधल्या लहान वस्त्यांतही असे वाफे वापरतात. उतार मिळाला तर मोटार लागत नाही, आणि नळयोजनेच्या वीजबिलानेच जेरीस आलेल्या ग्रामपंचायतीला हे फार मोलाचे आहे.

शौचालयाच्या टाकीचा पाइप मात्र गटाराला जोडू देऊ नका. ही जोडणी अनेक घरांनी गुपचूप केलेली असते. दोन खड्ड्यांचे शौचालय असेल तर मैला जागीच कुजून खत होतो.

पैशाचे म्हणाल तर स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या गावाला सांडपाण्यासाठी दरडोई 280 रुपयांपर्यंत तरतूद धरली आहे. दोन हजार वस्तीला 5 लाख 60 हजार. त्यातून नुसती गटारे बांधली, तर घाण आपल्या दारातून उचलून शेजारच्या विहिरीत नेण्यावर ती रक्कम खर्ची पडेल.

तालुक्यातल्या गावकऱ्यांना माझी विनंती आहे. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत गटाराचे अंदाजपत्रक समोर आले की त्याचे शेवटचे टोक नकाशावर दाखवायला सांगा. टोकाला वाफा किंवा खड्डा नसेल, तर त्या कामाला हात वर करू नका.

आपला,
एक वाचक, ता. पारनेर, जि. अहिल्यानगर