सातवर थांबलेला आकडा

गाळप ऐन भरात असताना एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेलो होतो. लॉगशीटवर क्लिअर ज्यूसचा पीएच तासातासाला ७.०, ७.०, ७.१. पाहून बरे वाटले. मग जरा जास्तच बरे वाटू लागले. बफर मागवले. ४ च्या बफरमध्ये सात, ९.२ च्या बफरमध्येही सातच. इलेक्ट्रोड उजेडात धरला, तेव्हा काचेच्या फुग्याला केसाएवढी चीर दिसली. तडकलेला इलेक्ट्रोड कशातही बुडवा, बहुधा सातच्याच आसपास घुटमळतो. आणि आपल्यालाही नेमके सातच हवे असतात! मग तक्रार करणार कोण?

पीएच मोजणारे हे यंत्र जन्मले मात्र तक्रारीतूनच. ग्लेन जोसेफ हे कॅलिफोर्नियातल्या लिंबू-संत्री बागायतदारांच्या सहकारी संस्थेत केमिस्ट होते. ‘सनकिस्ट’ हा त्या संस्थेचा छाप. बाजारात न जाणाऱ्या लिंबांपासून तिथे पेक्टिन आणि सायट्रिक अ‍ॅसिड काढत. रस टिकावा म्हणून त्यात सल्फर डायऑक्साइड असे. त्याने लिटमसचा रंग उडे आणि हायड्रोजन इलेक्ट्रोड निकामी होई. सल्फिटेशनवर आयुष्य काढलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. काचेचा इलेक्ट्रोड तेवढा टिकायचा, पण काचेचा विद्युतरोध इतका प्रचंड की गॅल्व्हानोमीटरचा काटा हलेना. काटा हलावा म्हणून काच पातळ करावी, तर ती फुटे.

१९३४ मध्ये जोसेफ हे गाऱ्हाणे घेऊन कॅलटेकमधल्या आपल्या जुन्या मित्राकडे, अर्नोल्ड बेकमन यांच्याकडे गेले. बेकमन लोहाराचा मुलगा, पेशाने रसायनशास्त्रज्ञ. पण बेल लॅबमध्ये काम केल्याने व्हॉल्व्हची त्यांना चांगली जाण होती. गॅल्व्हानोमीटर बाजूला ठेवा, व्हॉल्व्हने संकेत वाढवा, म्हणजे काच जाड असली तरी चालेल, हा त्यांचा तोडगा. काही दिवसांनी जोसेफ पुन्हा दारात हजर. आणखी एक यंत्र द्या म्हणाले, पहिले सहकारी हातचे सोडत नाहीत.

व्हॉल्व्हची युक्ती बेकमन यांच्याआधीही काहींनी प्रयोगशाळेत करून पाहिली होती. माझ्या मते त्यांचे खरे कसब पेटीत आहे. इलेक्ट्रोड, बॅटरी, व्हॉल्व्ह, चकती असे सगळे एका लाकडी पेटीत बसवले आणि केमिस्टला इलेक्ट्रॉनिक्सच्या भानगडीतून मोकळे केले. १९३५ मध्ये पेटी बाजारात आली. मंदीच्या काळात किंमत १९५ डॉलर! फिलाडेल्फियाच्या एका व्यापाऱ्याचा अंदाज होता, दहा वर्षांत सहाशेएक खपतील. तो अंदाज पार चुकला. शाईच्या धंद्यासाठी काढलेली बेकमन यांची छोटी कंपनी उपकरणांची झाली, त्यांनी प्राध्यापकी सोडली, आणि १९४१ मध्ये तिथूनच डीयू स्पेक्ट्रोफोटोमीटर आला.

आपल्याकडे गरम रसात इलेक्ट्रोड बुडवला जातो, फुग्यावर क्षाराचा थर चढतो, दोन महिन्यांत प्रतिसाद मंदावतो. आपण नवा मागवतो. निविदेत गेल्या वर्षीचेच स्पेसिफिकेशन, तारीख तेवढी बदललेली. कमीत कमी दर, विषय संपला. जुना का गेला, हे उपकरण बनवणाऱ्याला कोणी कळवत नाही. मग तो रस सोडून नळाच्या पाण्यासाठी यंत्र करत राहतो, यात त्याचा एकट्याचा दोष नाही. पीएच खाली गेला की सुक्रोजचे इन्व्हर्शन, वर गेला की रसाचा रंग चढतो. नुकसान मात्र आपल्याच पोत्यांत मोजले जाते.

या हंगामात निकामी झालेला इलेक्ट्रोड फेकण्यापूर्वी चार ओळी लिहा: किती दिवस चालला, रसाचे तापमान किती होते, कशाने धुतला, दोन्ही बफरमध्ये काय दाखवत होता. मे महिन्याच्या अंकात ही पत्रे छापू आणि तो अंक उपकरण बनवणाऱ्यांकडेही पाठवू.