पावसाची जोखीम कोणी सोसायची?

चाकण, म्हाळुंगे, तळवडे, भोसरी येथील कारखान्यांच्या फाटकांवर पाळी बदलताना जो तरुण कंत्राटी कामगार दिसतो, तो मोठ्या संख्येने बीड, लातूर, धाराशिव, परभणी, सोलापूर या जिल्ह्यांतील कोरडवाहू गावांतून आलेला आहे. यांपैकी अनेकांच्या घरी दोन-चार एकर जमीन आहे; परंतु तिच्यावर वर्ष निघत नाही. हंगाम बुडाला की घरातील कर्ता मुलगा कंत्राटदाराच्या दारात उभा राहतो, आणि तेथे उभे राहणारे जितके अधिक, तितके कंत्राटदाराचे पारडे जड होते. कायम कामगारांच्या जागी कंत्राटी हात येणे आणि संघटना बांधणे अवघड होणे, यामागे हे एक मोठे कारण आहे. म्हणूनच मराठवाड्याच्या रानात काय पेरले जाते आणि त्याची जोखीम कोण सोसतो, हा पिंपरी-चिंचवडच्या कामगार चळवळीचाही प्रश्न आहे.

महाराष्ट्रातील सुमारे चार पंचमांश शेती पावसावर अवलंबून आहे. पाऊस बेभरवशाचा आहे हे येथील शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागले नाही. ज्वारीच्या ओळींत तूर, बाजरीत मटकी किंवा हुलगा, रब्बी ज्वारीबरोबर करडई, ही त्याची पीकपद्धती त्या अनुभवातूनच घडली होती. ज्वारी साडेतीन-चार महिन्यांत निघते. तूर त्यानंतरही उभी राहते आणि खोल मुळांच्या बळावर खालची ओल उचलते. एका पिकाला पावसाचा खंड भोवला तरी दुसरे सावरते. तुरीच्या मुळांवरील गाठी आणि गळणारा पाला जमिनीचा कस राखतात, कडब्यावर जनावरे जगतात आणि त्यांचे शेण पुन्हा रानात जाते.

या पद्धतीला मागासलेपणा म्हणणाऱ्यांना शास्त्रज्ञांनीच उत्तर दिले आहे. हैदराबादजवळील पाटनचेरू येथील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ज्वारी-तुरीच्या ९४ प्रयोगांची छाननी करून १९८० साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. उत्पन्न एका ठराविक संकटपातळीखाली घसरण्याची पाळी नुसत्या तुरीवर पाच वर्षांतून एकदा, नुसत्या ज्वारीवर आठ वर्षांतून एकदा, तर दोन्ही एकत्र घेतल्यास छत्तीस वर्षांतून एकदा येते, असे त्यात दिसून आले.

आज या सुरक्षिततेची गरज पूर्वीपेक्षा अधिक आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या २०१७ च्या अभ्यासानुसार १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून लातूरची तहान भागवावी लागली. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच मराठवाड्यात उभी पिके आणि काही ठिकाणी मातीसुद्धा पुरात वाहून गेली. तापणाऱ्या हवेला जबाबदार असलेला धूर धनिक राष्ट्रांनी आणि धनिक वर्गांनी सोडला. त्याची किंमत ज्याच्याकडे विहीरही नाही असा शेतकरी मोजतो आहे.

असे असताना खरीप ज्वारी हटली आणि लक्षावधी हेक्टरांवर एकटे सोयाबीन आले. हा शेतकऱ्याच्या अज्ञानाचा परिणाम मानणे हा अन्याय ठरेल. हाती रोख पैसा देणारे, यंत्राने काढता येणारे आणि व्यापारी ताबडतोब उचलणारे पीक त्याने निवडले, कारण कर्जाचा हप्ता रोखीतच भरावा लागतो. मात्र २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असता बाजारात त्याहून बरेच कमी दर मिळाले. पावसाच्या जुगारावर बाजाराचा जुगार चढला. पीकविम्याची कथा याहून वेगळी नाही. एका रुपयात विमा देण्याची घोषणा २०२३ साली झाली, आणि २०२५ साली ती योजना बंद झाली. शिवाय विम्याचा हिशेब अधिसूचित पिकाच्या मंडळनिहाय सरासरीवर चालतो. एकाच रानात चार पिके घेऊन स्वतःच जोखीम वाटून घेणाऱ्याला त्यात बक्षीस नाही.

पाण्याच्या बाबतीत हा पक्षपात अधिक उघडा पडतो. उसाखालची जमीन थोडी, पण सिंचनाच्या पाण्यातील निम्म्याहून अधिक वाटा तिचा. याला पर्याय नाही असे सांगणाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातीलच इतिहास आठवावा. १९७२ च्या दुष्काळानंतर कारखानदारीतून आलेले अभियंते विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पाणी पंचायतीचा पाया घातला. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी द्यायचे, दरडोई अर्धा एकर व कुटुंबास कमाल अडीच एकर भिजेल इतकेच; भूमिहीनालाही हक्क; खर्चात लाभधारकांचा वाटा; आणि ऊस घ्यायचा नाही. समतेचे तत्त्व आणि टिकाऊ पीकपद्धती या एकाच धोरणाच्या दोन बाजू आहेत, हे त्या उजाड माळावर सिद्ध झाले. सत्ताधाऱ्यांनी त्याचे कौतुक केले, पण त्याला राज्याचे धोरण मात्र होऊ दिले नाही.

औद्योगिक पट्ट्यातील कामगाराला येथे सावध राहावे लागेल. पवना धरणातून बंद जलवाहिनीने पाणी नेण्याच्या योजनेस मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला, तेव्हा ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा बळी गेला. शहराची तहान खरी आहे. तिच्या नावाने शेतकऱ्याला शत्रू ठरविणे हे कारस्थान आहे. शहराने वापरलेले पाणी पूर्ण शुद्ध करून कारखान्यांना सक्तीने देता येते. ते न करता ते पवना-इंद्रायणीत सोडले जाते आणि आळंदीला नदीवर फेस तरंगतो.

मिश्रपिकाच्या मर्यादा नाकारण्याचे कारण नाही. काढणीला मनुष्यबळ जास्त लागते, यंत्र चालत नाही, माल थोडा-थोडा निघतो. त्यासाठीच समाजाने भार उचलला पाहिजे. ज्वारी, बाजरी, तूर, मटकी यांची हमीभावाने गावपातळीवर खरेदी व्हावी आणि ते धान्य रेशन दुकानांतून शहरातील कामगारांच्या ताटात यावे. विम्याने मिश्र पेरणीस स्वतंत्र मान्यता द्यावी. बांधबंदिस्ती व पाणलोटाची कामे रोजगाराच्या हमीतून शेतातच व्हावीत; १९७२ च्या दुष्काळातून उभी राहिलेली आणि १९७७ साली कायद्याचे रूप मिळालेली रोजगार हमी हा याच महाराष्ट्राने देशाला घालून दिलेला धडा आहे. पाण्याचे वाटप माणशी व्हावे आणि तुटीच्या खोऱ्यांत उसावर मर्यादा यावी.

या मागण्या केवळ किसान आघाडीच्या पत्रकात राहून चालणार नाही. चाकण-पिंपरीतील प्रत्येक कामगार संघटनेच्या मागणीपत्रात कंत्राटी कामगारांच्या कायमपणाइतकेच त्यांना स्थान मिळाले पाहिजे. गावी पोट भरते तेव्हाच मजूर फाटकावर मान ताठ ठेवून दर ठरवू शकतो. कोरडवाहू शेतकऱ्याच्या संरक्षणात औद्योगिक कामगाराचेही संरक्षण आहे, ही जाणीव कार्यकर्त्यांनी वस्त्यावस्त्यांत आणि पाळीपाळीत नेण्याची हीच वेळ आहे.