भोंगा बंद का केला?

परवा रातपाळीला जहाज लागायला उशीर होता म्हणून गँगला एक गोष्ट सांगितली. अमेरिकेच्या रे ब्रॅडबरीची, १९५१ सालची, 'द फॉग हॉर्न'. धुक्यात दीपगृहाचा भोंगा वाजतो. समुद्राच्या तळाशी लाखो वर्षं पडून असलेला, आपल्या जातीतला शेवटचा राक्षस तो ऐकतो. त्याला वाटतं, आपल्यासारखंच कुणी हाक मारतंय. वर येतो, ओ देतो. आतला माणूस, बघू काय होतंय म्हणून, भोंगा बंद करतो. राक्षस बुरूज पाडतो. मग ढिगाऱ्यावर स्वतःच ओरडत राहतो, आणि लांबच्या जहाजांना वाटतं भोंगाच चालू आहे.

बुरूज पडला तेव्हा एकानं टाळी वाजवली. गँगमधला म्हातारा एवढंच बोलला, "पन भोंगा बंद का केला रं?"

आमच्या वस्तीतल्या गोष्टीत मांत्रिक हडळीला बाटलीत भरतो नि ऐकणारे गाढ झोपतात. बाळंतपणात मेलेली बाई हडळ होते म्हणतात. ती मेली कशी, कुणी विचारत नाही. म्हाताऱ्यानं विचारलं.

सिनेमावाल्यांना हे झेपलं नाही. १९५३ साली त्यांनी राक्षसाला न्यूयॉर्कमध्ये किरणोत्सारी गोळी घालून मारला. ब्रॅडबरीचा राक्षस समुद्रात परत जातो.

अर्थात कागदावरच्या राक्षसाची कीव कुणालाही येते. तो आपल्या नळावर पाणी मागायला येत नाही.

पुढच्या अंकासाठी अशा गोष्टी पाठवा, दोन पानांच्या आत. बाटलीतलं भूत छापणार नाही.