काड्यांचा चीता

हेलिकॉप्टरचं चित्र काढा म्हटलं की तुम्ही काय काढता? एक मोठा भोपळा, मागे लांब शेपटी आणि डोक्यावर एक आडवी रेघ. झालं हेलिकॉप्टर! आज मात्र आपल्याला असं हेलिकॉप्टर करायचं आहे, की ते पाहणारा पहिल्यांदा हेच विचारील, "अरे, याची शेपटी करायची राहिली वाटतं?" कारण या हेलिकॉप्टरच्या शेपटीवर पत्राच नाही. नुसता नळ्यांचा सांगाडा. त्यातून पलीकडचं आभाळ आरपार दिसतं. याचं नाव चीता.

दुकानात मॉडेलचे खोके मिळतात. आत सगळे भाग तयार, त्यांवर आकडे टाकलेले. एकाला दोन चिकटवा, दोनाला तीन. त्यातही मजा आहे, नाही असं नाही. पण आपण आज एकही तयार भाग न घेता मुळापासून मॉडेल करणार आहोत. उदबत्तीच्या जळून उरलेल्या काड्या, जुन्या वहीचा पुठ्ठा, शीतपेयाची रिकामी बाटली, बॉलपेनची संपलेली रिफिल, दोरा आणि फेव्हिकॉल. एवढ्यात होतं.

आधी या चीत्याची जन्मकथा ऐका, म्हणजे काड्या लावताना हात नीट चालेल. आपल्या सैन्याला हिमालयात उंचावर जाऊ शकेल असं हेलिकॉप्टर हवं होतं. उंचावर हवा विरळ असते. पंख्याला ढकलायला हवा कमी आणि इंजिनालाही हवा कमी, अशी दोन्हीकडून पंचाईत. फ्रान्समधल्या कारखान्याने १९६८ साली हे काम हाती घेतलं. त्यांनी काय केलं? त्यांच्याकडे अलुएत नावाची दोन हेलिकॉप्टरं आधीच होती. अलुएत-२ हलकं, सांगाड्याच्या शेपटीचं. अलुएत-३ मोठं आणि ताकदवान. आपल्याकडे तेच 'चेतक' या नावाने तयार झालं. तर या मंडळींनी धाकट्याचं हलकं शरीर घेतलं आणि त्याला थोरल्याचं इंजिन आणि पंखा बसवला! आपल्या भाषेत जुळवाजुळवच की ही. १७ मार्च १९६९ रोजी ते पहिल्यांदा उडालं. त्याच वर्षी त्याने हिमालयात ७,५०० मीटर उंचीवर उतरून पुन्हा उड्डाण करून दाखवलं. आपलं कळसूबाई शिखर १,६४६ मीटरचं. म्हणजे चार कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी अजून वर! फ्रान्समध्ये त्याचं नाव 'लामा'. बंगळुरूच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये १९७२ पासून जे तयार होऊ लागलं, त्याचं नाव चीता. १९८४ पासून सियाचीनच्या बर्फात जवानांना रॉकेल, औषधं, पत्रं पोचवायची आणि आजाऱ्याला खाली आणायचं काम या सांगाड्याच्या शेपटीवाल्याने वर्षानुवर्षं केलं.

आता वही काढा. खऱ्या चीत्याचं अंग १०.२४ मीटर लांब, उंची ३.०९ मीटर, वरच्या पंख्याचा व्यास ११.०२ मीटर, शेपटीच्या पंख्याचा १.९१ मीटर. आपण नकाशात घेतो तसं प्रमाण घेऊ, २५ मीटरला १ मीटर. म्हणजे खऱ्या एका मीटरला आपले ४ सेंटिमीटर. गुणाकार सोपा. अंग ४१ सेंटिमीटर, उंची साडेबाराच्या जवळ, मोठा पंखा ४४, छोटा पंखा साडेसात. बाकीची मापं कुठून आणायची? फोटोतून. आईच्या फोनवर चीत्याचा अगदी बाजूने काढलेला फोटो शोधा. त्यात अंगाची लांबी पट्टीने मोजा. समजा ती १० सेंटिमीटर भरली, तर फोटोतलं प्रत्येक माप साधारण ४ पट केलं की मॉडेलचं माप मिळालं. तिरपा फोटो मात्र चालणार नाही हं. त्यात लांबी आखडून दिसते.

आणि एक गोष्ट सगळ्यांत आधी करा. पुठ्ठ्याचा एक माणूस कापा, बरोबर ७ सेंटिमीटर उंचीचा. हा आपला पावणेदोन मीटर उंचीचा वैमानिक. प्रत्येक भाग झाला की याला शेजारी उभं करायचं. दार याच्या गुडघ्याएवढं झालंय का? खुर्चीत बसवल्यावर डोकं छताला लागतंय का? माझ्या वर्गात या पुठ्ठेमामाने जेवढ्या चुका पकडल्या, तेवढ्या मीही पकडल्या नसत्या.

आता शेपटी. घाई करू नका, सगळी गंमत इथेच आहे. चार काड्यांचा एक चौकोन बांधा आणि कोपरा बोटाने दाबा. बघा, कसा लवंडतो! आता तीन काड्यांचा त्रिकोण बांधा आणि दाबा. तो हटत नाही. म्हणूनच चीत्याच्या शेपटीत लांब नळ्यांमध्ये तिरप्या नळ्या घालून त्रिकोणांमागून त्रिकोण केले आहेत. फोटो समोर ठेवून लांब नळ्या किती, तिरप्या किती, ते मोजा. अंदाजाने ठोकू नका. मग कागदावर शेपटीची एक बाजू पूर्ण मापात काढा, वर दुधाच्या पिशवीचं स्वच्छ प्लास्टिक पसरा (म्हणजे काड्या कागदाला चिकटणार नाहीत), आणि चित्राच्या रेघांवर काड्या ठेवून चिकटवत जा. अशा बाजू तयार झाल्या की रात्रभर वाळवा आणि दुसऱ्या दिवशी जोडा. सांध्यांना दोऱ्याचे दोन वेढे द्या, मांडववाले बांबू बांधतात तसे. त्यावर फेव्हिकॉलचा एक थेंब. जास्त नको.

शेपटीच्या वरच्या अंगाने एक बारीक दांडा मागच्या पंख्यापर्यंत जातो. इंजिनाची ताकद तिकडे नेणारा हा दांडा, त्यासाठी रिफिल झकास. टोकाला तीन पात्यांचा छोटा पंखा आणि तो जमिनीवर आपटू नये म्हणून त्याच्याखाली एक वाकवलेली नळी. हा छोटा पंखा कशाला? मोठा पंखा एका दिशेला फिरला की खालचं अंग उलट्या दिशेला गरगरायला बघतं. छोटा पंखा शेपटीला बाजूने ढकलून ते अंग धरून ठेवतो.

इथे मला आमच्या सातवीतल्या एका मुलीची गोष्ट सांगायची आहे. तिने शेपटी फार नेटकी केली होती. तिचे वडील सुतार. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "असं उघडं काम घराबाहेर न्यायचं नाही. लोक म्हणतील, सुताराच्या घरात अर्धवट काम करतात. मी पातळ पुठ्ठा कापून देतो, झाकून टाक." आता वडिलांचंही खरंच होतं. त्यांच्या धंद्यात उघडा सांधा म्हणजे कामचुकारपणा. पोरगी रडवेली होऊन माझ्याकडे आली. "बाई, झाकू का?"

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. तिला म्हटलं, "पंख्याच्या दांड्याला दोरा बांधून मॉडेल टांग, वडिलांच्या समोर. आधी उघडी शेपटी, मग झाकलेली." हेलिकॉप्टर हवेत असतं तेव्हा ते त्याच्या पंख्याला टांगलेलंच असतं ना! मग वजनाचा तोल पंख्याच्या बरोबर खाली यायला हवा. तिने घरी जाऊन तसं केलं. उघड्या शेपटीचं मॉडेल जवळजवळ सरळ लोंबलं. शेपटीभोवती पुठ्ठा गुंडाळला, तर शेपटी खाली आणि नाक आभाळाकडे. तुम्ही म्हणाल, पुठ्ठ्याचं वजन ते केवढं? पण सी-सॉवर टोकाला बसलेलं लहान मूलसुद्धा मधे बसलेल्या मोठ्याला उचलतं, आठवतं ना? तसंच. मग तिने नाकात मातीचा गोळा ठेवला. तोल आला, पण मॉडेल हातात घेतलं तर चांगलंच जड! वडील काही बोलले नाहीत, म्हणे. थोड्या वेळाने त्यांनीच पुठ्ठा सोडवला, माती काढून टाकली आणि पॉलिशपेपर घेऊन बसले. "काड्या अजून जरा बारीक होतील," म्हणाले. "कशा घासायच्या ते दाखवतो, पण घासायच्या तूच." खऱ्या चीत्यातही ताकद नळ्यांची आहे. वर पत्रा चढवला असता तर तो फक्त ओझं झाला असता.

आईबाबांनो, या सुतारदादांचं शेवटचं वाक्य मला फार आवडलं. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री मुलं झोपलेली आणि बाबा मॉडेल करताहेत, हे दृश्य घरोघरी असतं. प्रदर्शनात अशा मॉडेलवाल्या मुलाला मी विचारते, "मागचा पंखा कशासाठी?" तो गर्दीत बाबांना शोधू लागतो. ब्लेड आणि कातर चालवताना जरूर शेजारी बसा, बाटली तर तुम्हीच कापून द्या. काडी मात्र त्याची त्यालाच लावू द्या, वाकडी लागली तरी.

पुढचा काचेचा फुगा करायला शीतपेयाच्या मोठ्या बाटलीचा खांदा घ्या. तो गुळगुळीत आणि गोलसर असतो. त्याचे दोन तुकडे समोरासमोर जोडा आणि जोडावर काळ्या कागदाची पट्टी लावा. बाकीच्या पट्ट्या फोटोत जिथे असतील तिथेच. आत पाच जणांची जागा. पुढे वैमानिक आणि आणखी एक, मागे तिघे. काच आरपार, त्यामुळे आतलं सगळं दिसणार, म्हणून खुर्च्या, पट्टे, वैमानिकाच्या पायांमधला दांडा, सगळं काच लावायच्या आधी. नंतर हात जात नाही.

फुग्याच्या मागे इंजिन, तेही उघडंच. बरीच मुलं इथे पेन्सिल सेल चिकटवतात. आकार छान जमतो, पण तो एकटाच पंधरा-वीस ग्रॅम भरतो. त्यापेक्षा सेलवर कागद गुंडाळा, चिकटवा आणि वाळला की सेल हळूच काढून घ्या. वर चांदीचा कागद, बाजूला दोऱ्याच्या नळ्या. आणि या इंजिनाची एक युक्ती सांगते. त्याची मूळ ताकद ८७० अश्वशक्तीची, पण चीत्यात ते ५५० च्या वर चालवतच नाहीत. बाकीची ताकद राखून ठेवलेली. उंचावर विरळ हवेत इंजिन दमू लागलं, तरी ही शिल्लक असते, म्हणून ते ५५० पर्यंत देतच राहतं.

मोठ्या पंख्याची तीन पाती, मधल्या दांड्यापासून प्रत्येकी २२ सेंटिमीटर. पुठ्ठ्याचे दोन थर चिकटवा. आता नीट ऐका, कारण दुकानातली खेळणीसुद्धा इथे चुकतात. हा पंखा वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो. अमेरिकन हेलिकॉप्टरांचा बहुधा उलटा. म्हणजे फिरताना पात्याची जी कड पुढे येते ती जाड आणि गोल ठेवायची, मागची घासून पातळ करायची. पाती तीन, पण कड चुकली तर तिन्ही चुकणार! आणखी एक. उभ्या हेलिकॉप्टरची पाती सरळ नसतात, स्वतःच्या वजनाने टोकाशी किंचित वाकलेली असतात. फिरू लागली की मग ती ताणून सरळ होतात. आपलं मॉडेल टेबलावर उभं राहणार, म्हणून पाती थोडी वाकवा. एका पात्यापासून दुसऱ्याकडे बारीक तारा असतात, पात्यांमधलं अंतर राखायला. त्यासाठी काळा दोरा. एवढं केलंत की जाणकार माणूस मॉडेलपाशी थांबणारच.

मात्र फोटोत नाही ते लावू नका. कुणाला रॉकेटं लावावीशी वाटतात, कुणाला लाल दिवे. फोटोत दिसलं तरच लावायचं.

पंख्याचीच एक खरी हकीकत. २१ जून १९७२ रोजी झाँ बुले या फ्रेंच वैमानिकाने लामा १२,४४२ मीटर उंचीवर नेऊन विश्वविक्रम केला. एव्हरेस्टपेक्षाही साडेतीन हजार मीटर वर! वजन कमी करायला नको असलेलं सगळं आधीच काढून टाकलं होतं. पण तिथे पोचल्यावर इंजिन बंद पडलं. मग? मग तो पंख्यावर खाली आला. खाली येताना वारा खालून पात्यांतून वर जातो आणि इंजिनाशिवायच पंखा फिरवत ठेवतो, चिंचेचं नाही, सावरीचं नाही, सागाचं बी गिरक्या घेतंही नाही. पण कागदाची भिरभिरी गच्चीवरून सोडून बघा, ती गिरक्या घेत सावकाश उतरते, साधारण तसंच. एवढ्या उंचीवरून तो बंद इंजिनाने सुखरूप जमिनीवर आला.

आता शेवटचं गणित. रिकाम्या चीत्याचं वजन १,०२१ किलो. आपलं मॉडेल लांबीत २५ पट लहान, रुंदीत २५ पट, उंचीतही २५ पट. म्हणून वजनाला २५ × २५ × २५ ने, म्हणजे १५,६२५ ने भागायचं. उत्तर येतं साधारण ६५ ग्रॅम. मॉडेल वाळलं की कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात घेऊन जा आणि काकांना म्हणा, जरा काट्यावर ठेवता का? आमच्या वर्गात अजून कुणाचंच ८० च्या खाली आलेलं नाही. सुतारदादांची लेक ८३ वर आहे आणि सध्या खुर्च्या पोखरते आहे.