दोन तास तुमच्या नावावर

‘तुम्ही जा गावाला, मी नाही येत.’

मे महिना जवळ आला की मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत घराघरांत हे वाक्य ऐकू येतं. बोलणारे कोण? आपणच, कॉलेजवाले. कधी परीक्षा लांबलेली असते, कधी इंटर्नशिप असते आणि खरं सांगायचं तर कधी नुसता कंटाळा असतो. गावाला रेंज नाही, भर दुपारी लाइट जाते आणि दिसेल ती काकू विचारणार, ‘काय रे, पुढे काय ठरवलंयस?’

तरीही मी म्हणेन, यंदा जा. आंबे, फणस, निसर्ग यासाठी नाही. ताईचं, दादाचं, मावसबहिणीचं दीड-दोन वर्षांचं पिल्लू सोबत येणार असेल, तर नक्की जा. आणि त्या पिल्लासाठी नव्हे, त्याच्या आईसाठी जा.

गेल्या मे महिन्यात आम्ही मुलुंडहून कणकवलीजवळ आजोळी गेलो. आई-बाबा, ताई, जिजू, मी आणि माझी दीड वर्षाची भाची. साठ दिवस आधी सकाळी आठला बुकिंग उघडतं. घरातले तीन मोबाइल घेऊन बसलो, तेव्हा कुठे पाच बर्थ मिळाले. माणसं सहा, बर्थ पाच. कारण पाच वर्षांखालच्या मुलाला रेल्वेत तिकीट लागत नाही. ऐकायला छान वाटतं. पण तिकीट नाही म्हणजे बर्थही नाही. मग ते मूल झोपणार कुठे? उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून कोणी विचारतच नाही.

ठाण्याला रात्री गाडीत चढलो. आम्ही चौघं आपापल्या बर्थवर आडवे झालो. ताईनं भाचीला आतल्या बाजूला घेतलं आणि स्वतः कडेला, एका कुशीवर, रात्रभर. २०२२ च्या मे महिन्यात रेल्वेनं लखनौ मेलमध्ये आईच्या बर्थला जोडलेला छोटा ‘बेबी बर्थ’ करून पाहिला होता. आमच्या डब्यात तसलं काही नव्हतं. पण मी तर होतो! दोन तास भाचीला मांडीवर घेऊन बसणं मला सहज जमलं असतं. सुचलंच नाही. मी वरच्या बर्थवर सीरिज बघत होतो.

आजोळी पोचलो. पणजीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, भाचीची दृष्ट काढली. घरात चौदा माणसं आणि प्रत्येकाला ती कडेवर हवी. ती मात्र नवीन चेहरा दिसला की भोकाड पसरायची. या वयात मुलं अनोळखी माणसांना बुजतात, त्यात विशेष काही नाही. पण बोल कोणाला? ‘आईचीच सवय लावून ठेवलीय हिला.’

दोन दिवसांत माझ्या एक गोष्ट लक्षात आली. लाड करायला चौदा जण होते. शी झाली, भूक लागली, झोप आली की मात्र एकच हाक यायची, ‘अगं, घे हिला.’ ताईला जरा उसंत हवी असेल तर मूल जायचं आईकडे, नाहीतर मामीकडे. म्हणजे एका दमलेल्या बाईकडून दुसऱ्या दमलेल्या बाईकडे. मामी तर सकाळपासून चौदा जणांचे घावणे घालून उठलेली. जिजू चौथ्या दिवशी मुंबईला परतले. जाताना ताईला म्हणाले, ‘इथे एवढी माणसं आहेत, तुला आराम मिळेल.’ मनापासून म्हणाले. तीच तर गंमत आहे.

हे फक्त आमच्या घरातलं नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के बायका घरातल्या माणसांची देखभाल करताना दिसल्या. पुरुष २१.४ टक्के. जे हे काम करतात, त्यांच्यातही बायकांची दिवसाला सरासरी १४० मिनिटं जातात, पुरुषांची ७४. हा वयोगट पंधरापासून सुरू होतो बरं का. म्हणजे त्यात आपणही येतो.

पाचव्या दिवशी दुपारी जे झालं, त्यानं माझे डोळे उघडले. जेवणं उरकली होती. ओसरीवर आम्ही सात जण फणस फोडत बसलो होतो. ताई मागे कपडे धूत होती. मामीनं विचारलं, ‘चेडू खंय आसा?’ आणि सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रत्येकाला वाटत होतं, पोर दुसऱ्याकडे आहे.

ती परसात सापडली. विहिरीपासून चार पावलांवर बसून कोंबडीची पिसं गोळा करत होती. विहिरीचा कठडा एका बाजूला जेमतेम गुडघ्याएवढा. काही झालं नाही. पण धावत आलेल्या ताईचा चेहरा मी विसरणार नाही. आणि तेव्हा कोणीतरी म्हणालं, ‘आईचं लक्ष नको का?’ ओसरीवर सात जण होतो. आमच्यापैकी एकालाही कोणी काही बोललं नाही.

मुलुंडच्या वन बीएचकेमध्ये दार लावलं की निम्मी काळजी मिटते. गावचं घर चारी बाजूंनी उघडं असतं. विहीर, चूल, पायऱ्या, आंब्याचा चीक, सगळं हाताच्या अंतरावर. आणि घर भरलेलं असलं की आपण निर्धास्त होतो. सगळे बघतायत म्हणजे कोणीच बघत नसतं.

दुसऱ्या दिवसापासून मी दुपारी दोन ते चार ही वेळ माझ्या नावावर घेतली. पहिल्या दिवशी ती वीस मिनिटं रडली. मी तिला लगेच ताईकडे नेलं नाही. कडेवर घेऊन गोठ्यापर्यंत फिरवलं, वासरू दाखवलं. दुसऱ्या दिवशी रडणं कमी झालं. चौथ्या दिवशी तीच हात वर करून माझ्याकडे आली. त्या पहिल्या दुपारी ताई झोपली आणि चार वाजता दचकून उठली, ‘ती कुठंय?’ म्हणत. मग स्वतःच हसली. म्हणाली, ‘अरे, ही झाल्यापासून दुपारी पहिल्यांदा झोपले.’

हे करायचं असेल तर तीन गोष्टी नीट करा. एक, मोठ्यानं सांगा, ‘आता ही माझ्याकडे आहे.’ आणि वेळ संपली की ‘आता तू घे’ असं एकाच माणसाला सांगून मोकळे व्हा. दोन, शी-शू आणि भरवणं त्यात आलंच. रडली की आईकडे, याला सांभाळणं म्हणत नाहीत. तीन, हातात मोबाइल देऊन गप्प बसवू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार एक वर्षाच्या मुलांना स्क्रीन नकोच. दोन वर्षांच्या मुलांनाही दिवसाला फार तर एक तास. आणि त्या दोन तासांत तुमचा मोबाइलही खिशात.

‘हे काम आधी बापाचं नाही का?’ असं कोणी म्हणेल. आहेच. जिजूंना मी ते सांगितलंसुद्धा, आणि यंदा ते दहा दिवसांची रजा काढतायत. पण तोवर ताईनं वाट बघत बसायचं का? आणि हे मी मुलांना जास्त जोरात सांगतोय. मुलींच्या कडेवर पोर न विचारताच दिलं जातं. आपल्याला कोणी विचारत नाही. मग आपणच पुढे होऊन म्हणायला हवं.

परतीला कणकवलीला गाडीत बसल्यावर मी ताईला सांगितलं, ‘रत्नागिरीपर्यंत ही माझी.’ भाची माझ्या मांडीवर झोपली. पाय आखडले, मुंग्या आल्या. समोरच्या बर्थवर ताई पाय लांब करून झोपली होती.

यंदा घरी गावच्या तिकिटांचा विषय निघेल, तेव्हा एवढंच विचारा: मूल कोणाच्या बर्थवर झोपणार आहे?