लांकडी बुद्धिबळाचा संच

आमच्या वडिलांच्या वेळच्या बुद्धिबळांत एक उंट नाहीं. तो केव्हां व कसा हरवला, याविषयीं घरांत तीन निरनिराळ्या कथा आहेत. त्याच्या जागीं शिवणाच्या दोऱ्याचें एक रिकामें रीळ उभें राहतें, आणि घरच्या कोणासही त्यांत कांहीं वावगें वाटत नाहीं. लाल व हिरव्या लाखेच्या त्या सोंगट्यांत घोडा म्हणजे एक गोटी व तिला पाडलेली खांच. वजीर व उंट यांत फरक अर्ध्या बोटाचा. आम्ही भावंडें त्यावरच खेळलों, त्यावरच भांडलों.

परंतु आमच्या नऊ वर्षांच्या नातीचें समाधान त्या पटानें होईना. 2025 च्या जुलैंत नागपूरच्या दिव्या देशमुख हिनें जॉर्जियांतील बाटुमी येथें स्त्रियांचा विश्वचषक जिंकला, आणि त्याबरोबरच ग्रँडमास्टरपदही मिळविलें. त्या दिवसापासून ही मुलगी खेळास लागली. शाळेंतल्या वर्गांत ती निराळ्या सोंगट्यांवर शिके आणि घरीं येऊन विचारी, “आजोबा, हा उंट कीं वजीर?” तेव्हां स्पर्धेंत असतात तशा, पण लांकडाच्या, सोंगट्या घरांत आणावयाच्या असें ठरलें.

मालाडच्या सोमवार बाजारांत व स्टेशनाजवळच्या दोन-तीन दुकानांत आम्ही फिरलों. मिळाले ते प्लास्टिकचे नाहीं तर लोहचुंबकाचे प्रवासी संच. मग धाकट्या चिरंजीवांनीं आपला मोबाईल आमच्या हातीं दिला. त्यावर एकामागून एक शेंकडों संच सरकूं लागले. प्रत्येकाखालीं ‘हस्तनिर्मित’ हा शब्द आणि चार-साडेचार तारे. आम्हीं त्यांतला एक आठशे पंचाहत्तर रुपयांचा संच पसंत केला. चित्रांत काळ्या मखमलीवर त्याचा राजा असा ऐटींत उभा होता कीं, किंमतीचेंच नवल वाटलें.

चार दिवसांनीं पार्सल आलें. राजा आमच्या करंगळीएवढा भरला. पट दुमडून पेटी होणारा, त्याची घरें सुपारीएवढीं. सोंगट्या इतक्या हलक्या कीं, एक उचलतांना बाहीचा स्पर्श झाला तर शेजारच्या दोन आडव्या पडत. चारही घोडे चार निरनिराळ्या प्राण्यांसारखे, आणि त्यांतल्या एकाचा कान वाटेंतच मोडलेला. नातीनें “छान आहे हं, आजोबा” असें म्हटलें. आठ दिवसांनीं पाहतों तों संच कपाटावर गेलेला, आणि मुलगी मोबाईलच्या पडद्यावर कोठल्या तरी अनोळखी माणसाशीं खेळत बसलेली. तिनें तक्रार केली असती तर आम्हांस त्याहून बरें वाटलें असतें.

त्या रात्रीं आम्हीं तें विक्रीचें पान पुन्हा उघडून शेवटपर्यंत वाचलें. सर्व कांहीं लिहिलेलें होतें! राजाची उंची अडीच इंच, बाजू ‘एबनाइज्ड’, वजनाचा उल्लेखच नाहीं. उतारा नीट वाचल्यावांचून उत्तर लिहूं नका, असें पस्तीस वर्षें विद्यार्थ्यांस बजावीत आलेल्या शिक्षकानें चित्र पाहून उत्तर लिहिलें होतें. दुकानदारास दोष देण्याची सोयच राहिली नाहीं. फार तर मोडक्या कानापुरता द्यावा.

तेव्हां पुढचा महिना आम्हीं अभ्यासांत घालविला. त्याचें फळ वाचकांपुढें ठेवतों.

पहिली गोष्ट मापांची. बुद्धिबळाच्या आंतरराष्ट्रीय संघानें (फिडे या नांवानें तो ओळखला जातो, स्थापना 1924 सालीं पॅरिस येथें झाली) स्पर्धेच्या साहित्याचीं मापें ठरवून दिलीं आहेत. राजा साडेनऊ सेंटिमीटर, वजीर साडेआठ, उंट सात, घोडा सहा, हत्ती साडेपांच, प्यादें पांच. यांत दहांत एकाचा फरक चालतो, पण उंचीचा क्रम मोडतां कामा नये. प्रत्येक सोंगटीच्या बुडाची रुंदी तिच्या उंचीच्या चाळीस ते पन्नास टक्के हवी, आणि पटाचें घर पांच ते सहा सेंटिमीटरांचें. घर बरोबर आहे कीं नाहीं याची परीक्षा अगदीं घरगुती आहे: एका घरांत चार प्यादीं दाटीवाटीनें कां होईना, मावलीं पाहिजेत. दुकानदार इंचांत बोलतात. त्यांचे पावणेचार इंच म्हणजे आपले साडेनऊ सेंटिमीटर. सोंगट्या चकचकीत नसाव्या असेंही त्या नियमांत आहे. विक्रेत्यांच्या चित्रांत मात्र आरशासारखी चकाकी हाच मोठा गुण म्हणून मिरविला जातो.

सोंगट्यांच्या घडणीचें नांव ‘स्टॉन्टन’ असें लिहिलेलें आढळतें. 1849 सालीं नॅथॅनिएल कुक नांवाच्या इंग्रजानें ही घडण नोंदविली, लंडनच्या जॅक्स यांच्या दुकानानें ती विकली, आणि हॉवर्ड स्टॉन्टन या त्या काळच्या नामांकित खेळाडूचें नांव तिला मिळालें. त्यापूर्वीं तिकडेही आमच्या रिळासारखीच अवस्था होती. एका गांवच्या सोंगट्या दुसऱ्या गांवच्या खेळाडूस ओळखूं येत नसत. ह्या घडणींत आपला हत्ती बुरुजासारखा दिसतो. “मग त्याला हत्ती कां म्हणायचें?” या नातीच्या प्रश्नास, चतुरंग म्हणजे हत्ती, घोडे, रथ व पायदळ, इथपासून आरंभ करून आम्हीं उत्तर दिलें. तें ऐकण्यास ती शेवटपर्यंत थांबली नाहीं.

आतां मुख्य गोष्ट घोड्याची. राजा, वजीर, उंट, हत्ती व प्यादीं हीं मुख्यतः कातकामाचीं आहेत. कुशल कातारी तीं भराभर उतरवितो. घोड्याचें डोकें मात्र पटाशीनें हातानेंच कोरावें लागतें. डोळा, नाकपुडी, दांत, आयाळ, कान हें सर्व दोन बोटांच्या लांकडांत साधावयाचें, आणि तें चार वेळां सारखें. उंची संचांत एकूण खर्चाचा निम्म्यापर्यंत भाग चार घोड्यांवर पडतो, असें त्या धंद्यांतील लोक सांगतात. म्हणून संच पारखणाऱ्यानें राजाकडे पाहूंच नये. चारही घोडे बाजूनें दिसतील असें एक छायाचित्र मागवावें. जो विक्रेता तें पाठवीत नाहीं, त्याच्याकडे पुढचा प्रश्न विचारण्याचें कारण उरत नाहीं.

हे कोरणारे हात पुष्कळसे अमृतसरचे आहेत. तेथें पूर्वीं हस्तिदंताचें काम चाले. 1989 सालीं त्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंदी ठरली, आपल्याकडील कायदाही कडक झाला, आणि तेथील कारागीर लांकडाकडे वळले. 2013 सालीं लंडन येथील उमेदवार स्पर्धेसाठीं डॅनिएल वाइल या शिल्पज्ञानें जगज्जेतेपदाच्या सामन्यांचा जो नवा संच आंखला, त्याचे घोडेही अमृतसरास कोरले जातात. युरोप-अमेरिकेंत मोठ्या किंमतीस विकले जाणारे कित्येक संच तेथूनच जातात. मालाडांत बसून ते मिळविण्यास मधलें दुकान लागतेंच असें नाहीं. तेथील कांहीं कारखानदार स्वतःच आपला माल इंटरनेटवर मांडतात.

लांकडांचीं नांवें हा मात्र मोठा गोंधळ आहे. ‘एबनी’ म्हणजे खरें काळें आबनूस. ‘एबनाइज्ड’ म्हणजे फिकट लांकडास काळा रंग दिलेला. एका प्रत्ययानें किंमत कित्येक पटींनीं बदलते. व्याकरण शिकविणारास हें सुचूं नये याची आम्हांस लाज वाटली. रंग दिलेलें लांकूड वाईट असतें असें नव्हे. कसलेल्या हातचा रंगविलेला संच वर्षानुवर्षें टिकतो, आणि खरें आबनूस कोरड्या-दमट हवेच्या फेऱ्यांत तडकण्याची भीति असतेच. फक्त पैसे कशाचे देतों, तें कळलें पाहिजे. फिकट बाजूस ‘बॉक्सवुड’ म्हणतात, पण युरोपांतील त्या नांवाचें झाड निराळें. आपल्याकडे घट्ट रेषेच्या पिवळसर लांकडास तें नांव सर्रास देतात. आपल्या घरांतले जुने शिसवी पाट ज्या काळपट लांकडाचे, तें एक, आणि उत्तरेकडचें तपकिरी शीशम दुसरें; विक्रेते दोघांसही ‘रोजवुड’ म्हणून मोकळे होतात. परदेशांतील नातवंडांस संच पाठवावयाचा असल्यास एवढें ध्यानांत ठेवावें कीं, 2017 पासून ह्या सर्व कुळाच्या लांकडावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. परवान्याविषयीं आधींच विचारलेलें बरें.

वजनाविषयीं ‘दुप्पट भार’, ‘तिप्पट भार’ असें छापतात, त्यास कसलेंही प्रमाण नाहीं. सोंगटीच्या बुडाशीं पोकळी करून शिसें किंवा लोखंड भरतात व वर बनातीचा तुकडा चिकटवितात. कशाच्या तिप्पट, तें कोणी सांगत नाहीं. सरळ विचारावें: सर्व सोंगट्यांचें मिळून वजन किती ग्रॅम, आणि एकट्या राजाचें किती? पावणेचार इंची संच किलोच्या आसपास किंवा त्याहून थोडा अधिक भरला म्हणजे हातांत धरण्याजोगा होतो. शिवाय सोंगट्या बत्तीस कीं चौतीस, तेंही पाहावें. जास्तीचे दोन वजीर असले म्हणजे प्यादें शेवटच्या घरांत पोहोंचल्यावर हत्ती उलटा उभा करण्याचा प्रसंग येत नाहीं.

एवढे प्रश्न घेऊन आम्हीं अमृतसरच्या एका कारखानदारास पत्र धाडलें. म्हणजे मोबाईलवरच टंकलें. तासाभरांत त्या गृहस्थांचा फोन आला. “मास्टरजी, आपण संच घेतां आहां कीं परीक्षा?” असें हसून म्हणाले, आणि सर्व उत्तरें दिलीं. घोड्यांचें छायाचित्र संध्याकाळीं आलें. किंमत पोस्टखर्चासह सहा हजार चारशें.

ही रक्कम ऐकून घरांत जें व्हावयाचें तें झालें. “खेळण्यावर सहा हजार!” असें आमचें कुटुंब म्हणालें, धाकट्या बंधूंनीं दुजोरा दिला. आम्हीं शास्त्राधार काढला. ज्या नीलकंठभट्टांच्या व्यवहारमयूखाचा आधार मुंबईच्या हायकोर्टांत दायभागाच्या खटल्यांत घेतला जात असे, त्यांनींच आपल्या नीतिमयूखांत बुद्धिबळाच्या खेळाचें विवेचन केलें आहे. हे भट्ट घराणें मूळचें पैठणचें, मग काशीस स्थायिक झालेलें. यावर कुटुंबानें एवढेंच विचारलें कीं, नीलकंठभट्टांनीं किती रुपयांचा संच घेतला होता? शेवटीं सूनबाईंनीं मध्यें पडून सांगितलें कीं, मुलीच्या वाढदिवसाचा फ्रॉक व केक यंदा नको. नातीस विचारलें, तर ती केकवर अडली. फ्रॉक तेवढा गेला.

पार्सल उघडतांना चिरंजीवांनीं आरंभापासून चित्रीकरण केलें. हें मात्र सर्वांनीं करावें. मोडतोड वाटेंतली कीं आपली, हा वाद त्यामुळें उद्भवत नाहीं. स्वयंपाकघरांतील काट्यावर सोंगट्या बाराशें दहा ग्रॅम भरल्या. प्रत्येक सोंगटी कानाशीं नेऊन हलविली. आंतला भार सुटला असेल तर खुळखुळतो. एका प्याद्याची बनात सुटली होती, ती गोंदानें बसविली. एका घोड्याची मान इतर तिघांपेक्षां किंचित् खालीं आहे. तो परत पाठवावा असें बंधूंचें मत पडलें, पण नातीनें तोच आपल्या वजिराकडच्या बाजूस मांडून घेतला.

सर्वांसच इतकें सुखानें पार पडेल असें नाहीं, म्हणून कायद्याचेंही दोन शब्द. 2020 च्या ई-व्यापाराच्या नियमांप्रमाणें माल परत घेण्याच्या अटी व तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचें नांव विक्रीच्या ठिकाणीं दाखविणें बंधनकारक आहे. त्यानें 48 तासांत तक्रारीची पोंच व महिन्याच्या आंत निकाल द्यावयाचा असतो. न दिल्यास 1915 या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यकेंद्र आहे. 2019 च्या कायद्यानें ग्राहकास आपण राहतों त्या जिल्ह्यांतच दावा लावतां येतो. म्हणजे मालाडच्या माणसास विक्रेत्याच्या गांवचे खेटे घालण्याचें कारण नाहीं.

पावसाळ्याची चिंता अजून उरली आहे. मार्व्याकडून येणारी दमट हवा आमच्या पुस्तकांस सोडीत नाहीं, ती बनातीस काय सोडणार! बुटांच्या खोक्यांत येणाऱ्या ओल शोषणाऱ्या पुड्या पेटींत घातल्या आहेत. सोंगट्या ओल्या फडक्यानें पुसावयाच्या नाहींत, असें सर्वांस बजावलें आहे. पट मात्र अद्याप घेतलेला नाहीं. साडेपांच सेंटिमीटरांच्या घरांचा, अखंड लांकडाचा घेतला तर आमच्या हवेंत वाकेल. प्लायवर पातळ पापुद्रा चिकटविलेला बरा, असें आमचें मत आहे आणि बंधूंचें नाहीं. तोंपर्यंत गुंडाळून ठेवावयाच्या रेक्झिनच्या पटावर खेळ चालू आहे. काल रात्रीं नऊपासून साडेदहापर्यंत तो चालला, आणि आम्हीं मुद्दाम हरण्यापूर्वींच आमच्यावर मात झाली.